टर्बोला जाड माणूस चालत नाही

८ मार्च
इंजिन संपलं. बंद पडलं नाही, त्याचे तास संपले. कागदावर जेवढे तास दिलेत तेवढे उडवून झाले, आता नवं बसवल्याशिवाय विमान हँगरच्या बाहेर काढायचं नाही. देदा दुपारभर त्याच्याजवळ स्टूल टाकून बसला होता, मेलेल्या गाईजवळ बसावं तसा. मी कॉफी नेऊन ठेवली तर म्हणाला, "इंजिनावर नको ठेवूस, ते अजून पुरलं नाहीये."

देदा म्हणजे आईचा बाप, ओटा. मी त्याच्याकडे राहते. आई तिकडे लिंझला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. महिन्यातून एकदा येते आणि आम्हाला सांगते, भांडू नका. आम्ही भांडत नाही. भांडायला बोलावं लागतं. मी बोलत नाही म्हणून लिहिते, दुसरं काही कारण नाही.

आमच्या मैदानावर ग्लायडर उडतात. ग्लायडरला इंजिन नसतं, त्याला दोरीने बांधून एका हलक्या विमानाने वर ओढत न्यावं लागतं. ते विमान देदा चालवतो, मी जन्मायच्या आधीपासून. गेल्या शरदात मीसुद्धा ओढायची परीक्षा पास झाले. तेव्हापासून एकदाही त्याने मला त्या सीटवर बसू दिलेलं नाही. एकोणीस वर्षांची आहे मी. विचारलं तर म्हणतो, "एका विमानाला एक गाढव पुरतं."

१५ मार्च
कँटीनमध्ये सगळे जमले होते. नवं इंजिन कुठलं घ्यायचं यावर.

शेबेला आमच्या क्लबचा अध्यक्ष. इंजिनियर आहे, आणि ते कुणी विसरू नये म्हणून सगळे त्याला इंजिनियरसाहेब म्हणतात. देदा जरा जास्तच म्हणतो.

"टर्बो घेऊ," शेबेला म्हणाला. "जुलैत ज्युनियरांची स्पर्धा आपल्याकडे आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन माणसांचं ग्लायडर ओढताना आपण पॉपलरच्या झाडांच्या शेंड्यांना घासून गेलो."

"घासून नाही गेलो," देदा म्हणाला. "वरून गेलो."

"ओटा, चाकात पानं अडकली होती."

"वाऱ्याने आली असतील."

क्वेता, कँटीन चालवते ती, काउंटरमागून म्हणाली, "हो, वाऱ्याने. फांदीसकट."

टर्बो म्हणजे काय ते मला माहीत आहे, हिवाळाभर तेच वाचत होते. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याने एक छोटं चाक फिरतं, आणि ते चाक बाहेरची हवा दाबून परत इंजिनात कोंबतं. कडक उन्हाच्या दिवशी हवा पातळ होते, साधं इंजिन धापा टाकायला लागतं. टर्बो टाकत नाही. हे सगळं मी बोलू शकले असते. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्या तोंडून काय आलं असतं देव जाणे. शाळा मी त्यामुळेच सोडली. शेवटच्या वर्षी मतुरिता असते, पाच जण टेबलामागे बसतात आणि तुम्ही उभं राहून बोलायचं. मी परीक्षेच्या आधीच जायची बंद झाले. रेडिओवर मात्र मला बोलता येतं. तिथे शब्द ठरलेले असतात आणि कुणी बघत नाही.

देदा म्हणाला, "नळ्याच नळ्या. तापणार जास्त, पिणार जास्त. साधं इंजिन मी डोळे मिटून उघडतो."

"तू उतरतोसही डोळे मिटूनच," शेबेला म्हणाला. लोक हसले. मग त्याने घसा साफ केला. "आणि एक आहे. टर्बो जड आहे. ग्लायडर ओढताना आपल्या विमानाला जास्त वजन चालत नाही, तशी मर्यादाच दिलीये. मी हिशेब केला. टाक्या भरल्या तर पायलट ब्याण्णव किलोच्या आत हवा."

सगळ्यांनी देदाच्या पोटाकडे बघितलं. देदा एकशे आठ आहे.

"मग ओटाचा एक पाय घरी ठेवायचा," क्वेता म्हणाली.

"पाय कशाला, तुझे ते उकडलेल्या पिठाचे गोळे, क्नेडलिक, ताटातून उतरव," देदा म्हणाला. "ते इंजिनापेक्षा जड असतात."

मी एक्कावन्न किलो आहे. टर्बो मला का आवडतो ते मला तेव्हा कळलं. आधी वाटायचं, वाचून आवडतो.

२३ मार्च
आज देदाची जिरली.

पलीकडच्या मैदानावरचा रोस्त्या त्याचं टर्बोवालं विमान दाखवायला घेऊन आला. आमच्यासारखंच, इंजिन तेवढं वेगळं. टाक्या अर्ध्याच होत्या म्हणून देदाला बसता आलं.

आता देदाची टोपी काय आहे ते लिहायला हवं. ग्लायडर वर सोडून तो खाली येतो, चाकं गवताला टेकली की तिथेच इंजिन बंद करतो. मग विमान अजिबात आवाज न करता घरंगळत घरंगळत येतं आणि पुढच्या दोरीच्या टोकाशी थांबतं. तिथे गवतावर त्याची टोपी ठेवलेली असते. नाकावरचा पंखा बरोबर टोपीवर थांबला पाहिजे. थांबला की रांगेतले त्याला बीअर पाजतात. थांबतोच. बाहेरगावचे लोक ते बघायला येतात. लहान असताना मला वाटायचं, सगळी विमानं टोपी बघूनच थांबतात.

रोस्त्याने त्याला आधी दोनदा सांगितलं होतं. "उतरलात की लगेच बंद करू नका. तीन मिनिटं तसंच हळू चालू द्या. ते टर्बोचं चाक लालबुंद तापलेलं असतं. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आणि आत अडकलेलं तेल जळून कोळसा होतो. बेअरिंग खलास."

देदाने मान डोलावली. मागे ग्लायडर बांधून उडाला. आमचं विमान जिथे पॉपलरांच्या शेंड्यांशी मारामारी करतं तिथे हे इतकं उंच होतं की शेबेला नुसता देदाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होता. मग देदा उतरला. चाकं टेकली आणि आवाज गेला.

शांत. विमान घरंगळत आलं, पंखा टोपीवर थांबला, अगदी मधोमध. कुणी टाळी वाजवली नाही.

रोस्त्या पळत गेला. "काय केलंत हे."

"सवय," देदा म्हणाला.

"सवयीला मी बेअरिंग कुठून आणू?"

देदा सीटमधून उतरेना. मान कानांपर्यंत लाल. आणि मी हसले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. सगळे वळून बघायला लागले. त्यानेही बघितलं.

घरी आल्यावर टोपी खुंटीला लावली नाही, टेबलावर टाकली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, उगाच कशाला खोटं लिहू.

२९ मार्च
वार्षिक सभा. मतदान. आधी साध्या इंजिनासाठी हात वर झाले, मग टर्बोसाठी. टर्बोला एक हात कमी पडत होता. शेबेलाने माझ्याकडे बघितलं.

"वेंडुला? तू सभासद आहेस ना, की नुसती चहा प्यायला येतेस?"

मी हात वर केला. बोलायचं नव्हतं, फक्त हात.

देदा लहानपणापासून मला मासोळी म्हणतो, तोंड उघडते आणि आवाज येत नाही म्हणून. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, मासोळीला हात आहेत."

हशा. पण हात खाली केला नाही.

शेबेला म्हणाला, "ठरलं मग. टर्बो. ओटा मर्यादेत बसला तर ओटा ओढेल, नाही बसला तर ही पोरगी आहे. बटाट्याच्या पोत्याएवढी आहे, चालून जाईल. पुढे बघू कुणी नीट माणूस मिळाला तर."

मला वाटलं होतं तो माझ्या बाजूचा आहे.

"वजन कधी करणार?" देदाने विचारलं.

"स्पर्धेच्या आदल्या दिवशी. सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर कटकट नको."

"सगळ्यांसमोर," देदा म्हणाला. "डुकरासारखं."

२ एप्रिल
आज मी स्वीचकोवा केली. मांस काल रात्रीपासून मुरवलं होतं, सॉस गाळून घेतला, क्नेडलिक हाताने वळले. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि उरलेलं ताट नेऊन शेजारच्या कुत्र्याला घातलं. माझ्यासमोर. मत दिलं म्हणून आता माझ्या हातचं खाणार नाही. नको खाऊस. कुत्रा तरी खातो.

८ एप्रिल
आईचा फोन. देदा कसा आहे विचारलं. म्हणलं, पानात टाकतो, बोलत नाही, सकाळी उठून सायकल घेऊन कुठेतरी जातो.

"त्याला काय झालंय विचार तरी."

"त्याला मी झालेय," म्हणलं.

२१ एप्रिल
ईस्टरचा सोमवार. दरवर्षीसारखे पुरुष विलोच्या काठ्यांचे चाबूक घेऊन दारोदार. बायकांच्या पायांवर फटके मारायचे, गाणं म्हणायचं, अंडी घ्यायची, एक घोट दारू घ्यायची, पुढचं घर. मी हँगरमध्ये लपले होते. शेबेलाने शोधून काढलंच. फटके हळू मारले, पण म्हणाला, "गाणं म्हण, मग सोडतो." म्हणलं नाही. उभी राहिले. शेवटी त्यालाच कंटाळा आला.

देदा दरवर्षी या दिवशी गात गात घरी येतो, एकदा कुंपणावरून आला होता. या वर्षी संपूर्ण शुद्धीत, दुपारच्या आत, खिशात अंडी. शेबेलाने घरची आलुबुखाऱ्याची दारू पुढे केली तर याने ग्लास पालथा घातला. सगळ्यांच्या देखत. आमच्याकडे ईस्टरला ग्लास पालथा घालणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच. एका इंजिनावरून एवढं वैर धरायचं.

९ मे
टर्बो आला. लाकडी खोक्यात, बाळासारखा गुंडाळलेला. देदाने खोकं उघडून आत बघितलं. मग म्हणाला, "एवढ्याशासाठी मी उतरायचं."

बसवायला आम्ही दोघंच. शेबेला संध्याकाळी येतो, खिशात हात घालून उभा राहतो, "काळजी घ्या बरं का" म्हणतो आणि जातो. देदा तेव्हा म्हणतो, "इंजिनियरसाहेब, हात खिशातून काढू नका, घाण होतील."

धुराच्या नळीभोवती उष्णता अडवायला पत्रा लावायचा आहे, नाहीतर झाकण वितळेल. पंखाही दुसरा लागतो. आम्ही दिवसभरात एवढंच बोलतो: "तेरा नंबर." "धर." "तिकडून नाही." "मग कुठून?" "डोळे असतात त्याला." मी एकदा पाना मुद्दाम चुकीचा दिला. त्याने बघितलं, तोच पाना तिरका धरून वापरला.

त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पडलीत. हँगरमधला चामड्याचा टोच्या बाहेर होता म्हणून मी बघितलं. म्हातारा नटायला लागलाय. रोज सकाळी सायकलवरून जातो तो गावाच्या दिशेने, आणि क्वेता गावातच राहते. मला आणखी एक आजी येणार असेल तर आधी सांगावं तरी.

एकदा मनात आलं, वजन तर कमी करत नसेल? मग माझं मलाच हसू आलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोट कमी करा. याने डॉक्टर बदलला.

२० मे
इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. आवाज वेगळा आहे, खाली एक बारीक शिट्टी चालू असते. मला आवडला. देदा म्हणाला, "केटल."

७ जून
गरमी वाढली आणि हा अजून तो जाडा कापूस भरलेला निळा कोट घालून फिरतोय. वास मारतो. सांगितलं तर म्हणाला, "तू नाक लांब ठेव."

रोस्त्या येऊन इंजिनाची पहिली उड्डाणं करून गेला. दोनदा मला शेजारी बसवलं, एकदा चालवू दिलं. मैदान संपायच्या खूप आधी वर होते मी. पॉपलर खाली, चर्चचं टोक खाली, रस्त्यावरचा ट्रॅक्टर काडेपेटीएवढा. खाली उतरल्यावर रोस्त्या म्हणाला, "हिला द्या ओढायला, बिनधास्त."

देदा म्हणाला, "रेडिओवर ठीक आहे. पण खाली कुणी ओरडून विचारलं तर काय करेल? मान हलवेल?"

त्याला काय हवंय मला कळत नाही. मी सगळं नीट करते. विमान पुसते, दोऱ्या तपासते, नियम पाठ आहेत. तरी त्याला हेच दिसतं की मी बोलत नाही. माझ्या जागी मुलगा असता तर घुम्या म्हणून कौतुक केलं असतं.

१६ जून
आज एक विचित्र दिसलं. मी हँगरच्या मागच्या फटीतून आत बघितलं, तर देदा विमानात एकटाच बसला होता. इंजिन बंद. हात पुढे, जसं उतरताना असतात तसे. मग उजवा हात किल्लीकडे गेला आणि त्याने स्वतःच डाव्या हाताने त्यावर फाडकन चापट मारली. मग ओठ हलवत बसला, बराच वेळ. मग परत तेच. हात, चापट, पुटपुट.

टर्बोला शिव्या देत असणार. नाहीतर मला.

३० जून
बाहेरच्या क्लबांची पोरं यायला लागलीत. मैदानाच्या कडेला तंबू. सगळी मोठ्याने बोलतात, एकमेकांना पाणी मारतात. एकाने मला विचारलं, "विमान कोण ओढणार, तो जाडा बाबा की तू?" मी म्हणलं, "चौथ्या तारखेला कळेल." हे मोठं वाक्य होतं माझ्यासाठी.

एकशे आठ. ब्याण्णव. एवढं सोपं आहे. मी आधीच सीटची गादी जाडी करून ठेवलीये, कारण मला बाहेरचं नीट दिसत नाही.

४ जुलै
काय लिहू.

काटा कँटीनचा, बटाटे मोजायचा, मोठी गोल तबकडीवाला. शेबेलाने तो उन्हात आणून ठेवला, सगळ्या तंबूंच्या मधोमध. पोरं पायऱ्यांवर बसली होती, सर्कस बघायला आल्यासारखी. क्वेता ॲप्रन घालूनच आलेली.

"आकडा कोण वाचणार?" शेबेला म्हणाला. "वेंडुला, तुझे डोळे चांगले आहेत. वाच. आणि ऐकू येईल असं."

मुद्दाम. मला तिथे उभं करायचं आणि मला बोलायला लावायचं, म्हणजे म्हाताऱ्याला घरच्याच माणसाने उतरवलं असं होईल. मला तेही चाललं असतं.

देदा आला. तोच निळा कोट. काट्याजवळ थांबला, कोटाची बटणं काढली, कोट काढून माझ्या हातात दिला.

आत दुसराच माणूस होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, कॉलरमध्ये मान पातळ, गळ्याची कातडी सैल. पॅन्ट पट्ट्याने चुण्या घालून बांधलेली, पट्ट्याचं टोक मागे पाठीपर्यंत गेलेलं. सगळी भोकं. क्वेता म्हणाली, "अरे देवा, ओटा," आणि मग तोंडावर हात ठेवला.

"कोटही घालून मोजायला हवं," शेबेला म्हणाला.

"जुलैत कोट घालून कोण उडतं, इंजिनियरसाहेब?"

तो काट्यावर चढला. बूट घालून. सुई गेली, थरथरली, मागे आली. मी खाली वाकून बघितलं. वर त्याचं तोंड होतं, माझ्याकडे बघत नव्हता, पॉपलरकडे बघत होता.

मी दोन जास्त सांगितले असते तरी कुणी येऊन बघितलं नसतं. हे माझ्या डोक्यात आलं होतं, अगदी स्पष्ट. पण खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडावंच लागतं, आणि उघडलं तर आत एकच आकडा होता.

"एक्क्याण्णव," मी म्हणलं.

"ऐकू नाही आलं," शेबेला म्हणाला.

"एक्क्याण्णव," मी ओरडले. तंबूंच्या पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. "एक्क्याण्णव, आणि बुटांसकट. येऊन बघा हवं तर."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. देदा खाली उतरला, माझ्या हातातून कोट घेतला आणि म्हणाला, "कान फोडलेस."

घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसले आणि सगळं एक एक करून जुळलं. स्वीचकोवा. कुत्रा. पालथा ग्लास. सायकल. क्वेता बिचारी त्यात कुठेच नव्हती. म्हणजे माझ्यावर रागावलाही नव्हता तो. मी त्यात नव्हतेच. सीटच होती फक्त. लोक खाऊन दुसऱ्याचं लुबाडतात, याने उपाशी राहून माझी सीट खाल्ली.

मी जाडी गादी विमानातून काढून आणलीये. माझ्या पलंगाखाली आहे.

५ जुलै
स्पर्धेचा पहिला दिवस. सकाळपासून इतकं ऊन की गवताचा वास भाजल्यासारखा येत होता.

सगळ्यात जड ग्लायडर, दोन माणसांचं, पहिलं. देदा विमानात बसला. मी ग्लायडरच्या पंखाचं टोक धरून उभी होते, माझं नेहमीचं काम. दोरी ताणली, केटलची शिट्टी वाढली, मी पंख धरून पळाले, सोडला. पॉपलर खूप खाली राहिले. पायऱ्यांवरून कुणीतरी "ओहो" म्हणालं. शेबेलाने छाती अशी फुगवली जशी काही हवा त्यानेच दाबून दिली होती.

मग देदा उतरायला आला आणि सगळे गवतावर टोपी शोधायला लागले. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

चाकं टेकली. आवाज गेला नाही. विमान हळूहळू आलं, थांबलं, इंजिन मंद चालूच. तो आत बसून राहिला, डावा हात उजव्या हातावर घट्ट ठेवून. ओठ हलत होते. पोरं कुरकुरायला लागली, म्हातारा झोपला का म्हणून. तो बसूनच. मग बंद केलं. मग उतरला.

"ओटा, पुढचं ग्लायडर जोडलंय," शेबेला ओरडला. "चल, बस परत."

"मासोळीला सांग."

"तू ओढणार म्हणून तर कालचा तमाशा केला ना?"

"तमाशा तू मांडलास. मी चढलो. आता माझा मी उतरतो." आणि माझ्याकडे वळला. "काय बघतेस? सीट पुढे घे, नाहीतर पाय पोचायचे नाहीत. आणि ती गादी कुठे नेलीस? चोरटी."

मी घरापर्यंत पळत गेले, पलंगाखालून गादी काढली, पळत आले. सगळे थांबलेले. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. बसताना मागे बघितलं, तर देदा कँटीनकडे चालत होता, पट्टा सैल करत. खिडकीतून दिसलं, क्वेताने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तो पाठ फिरवून जेवायला लागला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याने सीट का दिली, मी बराच विचार केला. भूक लागली असणार. एवढे महिने उपाशी राहिल्यावर कुणालाही लागेल.

मी ओढलं. रेडिओवर बोलले, ठरलेले शब्द. विमान सरळ गेलं. वर हवा गार होती. ग्लायडरने दोरी सोडली, हलका झटका बसला, मी वळले आणि खाली आले.

आणि उतरताना बघते तर गवतावर टोपी. दोरीच्या टोकाशी, बरोबर जिथे असते तिथे. शेजारी, जरा लांब, देदा. एका हातात ताट, दुसऱ्या हातात काटा. सगळी पोरं बघत होती. म्हणजे पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मला टोपीवर थांबायची परीक्षा. त्यापेक्षा पाच जण टेबलामागे बसले असते तरी बरं.

डोकं फिरलं माझं. ब्रेक लावला असता तर थांबलं असतं. नाही लावला. पुढचं चाक टोपीवरून गेलं, मला खाली जाणवलं, छोटासा उंचवटा.

मग बसून राहावं लागलं. टर्बो. तीन मिनिटं. देदा पंखाच्या टोकाशी येऊन उभा राहिला, ताट गवतावर ठेवलं, आणि तीन बोटं वर केली. घड्याळाकडे बघून एक बोट मिटलं. मी बंद करायला हात पुढे केला तर मान हलवली, नाही. दुसरं बोट. बोलत होता काहीतरी, तोंड हलताना दिसत होतं, शिट्टीत काही ऐकू आलं नाही. मी तिथे अडकलेली आणि तो बोलतोय, बोलतोय. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नसेल. तिसरं बोट मिटलं. मी बंद केलं. तो लगेच गप्प झाला.

"काय म्हणत होतास?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं, लोक होते तरी.

"काही नाही." त्याने चाकामागून टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली, जागा बघितली, अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एक वीत पुढे गेलीस."

६ जुलै
टोपीवर चाकाचा काळा पट्टा उमटलाय, मधोमध. काल संध्याकाळी तो कँटीनमध्ये तीच घालून बसला होता. जो येईल त्याला काढून दाखवत होता, ही बघा, हे असं करते ती. शेबेलालाही दाखवली. म्हणलं, दे, धुऊन टाकते. म्हणाला, "हात लावू नकोस." कुणी एवढा डूख धरतं का एका टोपीसाठी.

आज परत ठेवणार म्हणतोय. ठेवू दे. आज मी बरोबर टोपीवर थांबणार आहे, म्हणजे त्याला दाखवायला काही राहणार नाही.